आमची तारीख, त्यांची तारीख

संपादकबाई म्हणाल्या, छापखान्याच्या आठवणी लिहा, लोकांना जुनं वाचायला आवडतं. मला जुन्याचं कौतुक नाही. शिशाच्या खिळ्यांनी माझी बोटं काळी झाली आणि नजर अधू झाली. ते काम संपलं तेव्हा मी रडले नाही. म्हणून छापखान्याबद्दल लागेल तेवढंच सांगते आणि नंतर जे काम केलं त्याबद्दल लिहिते. त्या कामात माझ्याकडून एक चूक झाली. तिचा कागद एका कचेरीत आहे, पण तो कुणी उघडून वाचेल असं वाटत नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, हिंडलग्याच्या मराठी शाळेत. अठराव्या वर्षी बेळगावातल्या एका छापखान्यात झाडलोटीला लागले आणि दोन वर्षांनी खिळे जुळवायला बसले. आमच्याकडं मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांचं काम यायचं. प्रत्येक भाषेची केस वेगळी. केस म्हणजे खण पाडलेली लाकडी पेटी, एका खणात एकच अक्षर. कन्नड मला वाचता येत होतं, इंग्रजी नाही. पण खिळा ओळखायला भाषा यावी लागत नाही, बोटाला सवय लागते.

मराठीचं शून्य गोल आणि कन्नडचंही गोल. सांब्र्याचे एक निवृत्त सर्वेअर मुलीच्या लग्नाची पत्रिका छापून घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सगळा गठ्ठा घेऊन परत आले. कन्नड बाजूच्या तारखेत एक शून्य मराठी केसमधलं पडलं होतं. जाडी जराशी कमी. मी म्हटलं, अण्णा, हे कुणाला कळणार आहे. ते म्हणाले, "मला कळलंय की." मालकांनी सगळ्या पत्रिका पुन्हा छापून दिल्या आणि मला आठवडाभर बोलत होते. त्यानंतर मी अक्षर कुठल्या खणातून आलं ते आधी बघू लागले, दिसतं कसं ते नंतर.

छापखाना बंद पडला तेव्हा मालकांची मुलगी विद्या हिनं त्याच गाळ्यात कॉम्प्युटर मांडले. जुनी रजिस्टरं, खतावण्या, ग्रंथालयांच्या याद्या टाइप करून द्यायच्या, हे काम. माझ्यासारख्या बाईचं तिथं काय, असं मला वाटलं. विद्या म्हणाली, टाइप करणाऱ्या पुष्कळ मिळतील, तपासणारी मिळत नाही. मी पडद्यावर वाचत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. माझ्यासाठी सगळं छापून यायचं आणि मी पेन्सिल घेऊन बसायची. अशी मी तिथं सोळा वर्षं बसले.

ते काम कसं चालतं ते सांगते. रजिस्टरातली एकेक गोष्ट टाइप करताना तिच्या दोन्ही बाजूंना खूण घालायची: इथं नाव सुरू, इथं नाव संपलं, इथं गाव, इथं जन्मतारीख. या पद्धतीला एक्सएमएल म्हणतात. त्याच्या जोडीला एक नियमांचं पान असतं, त्याला स्कीमा म्हणतात. कुठल्या खुणेच्या आत काय चालेल ते त्या पानावर ठरतं. इथं आकडाच हवा, इथं तारीखच हवी, इथं कुठलाही मजकूर चालेल. संध्याकाळी मशीन सगळा मजकूर त्या पानाशी ताडून बघतं आणि न बसणारं नाकारतं. नाकारलेल्याची यादी छापून येते.

आता यातली गोम. आकडा, तारीख, मजकूर असे काही प्रकार ही पद्धत काढणाऱ्यांनीच तयार करून दिलेले आहेत. काही प्रकार आपण आपल्या कामापुरते बनवतो. दोन्हीकडं एकाच नावाचा प्रकार असू शकतो. मग कुठला कुणाचा ते कळण्यासाठी प्रत्येक घराण्याला एक लांबलचक नाव असतं, नेमस्पेस म्हणतात त्याला. ते वेबसाइटच्या पत्त्यासारखं दिसतं, पण तिथं जाऊन काही आणायचं नसतं, ते नुसतं नाव. दर वेळी एवढं लांब लिहायला नको म्हणून पानाच्या डोक्यावर एकदाच सांगून ठेवायचं की अमुक दोन अक्षरं म्हणजे ते घराणं. तयार प्रकारांना बहुतेक लोक एक्स-एस ही अक्षरं लावतात. एक्स-एस, पुढं विसर्गासारखे दोन ठिपके, पुढं प्रकाराचं नाव. आणि काहीच न लावता नुसतं नाव लिहिलं तर ते कुठल्या घराण्यातलं धरायचं, हेही डोक्यावरच ठरवून ठेवता येतं. ती एक ओळ बदलली की खालच्या सगळ्या बिनअक्षरी नावांचं घराणं बदलतं. खालचा मजकूर जसाच्या तसा राहतो, कानामात्रा हलत नाही.

हे मला विद्यानं कधी समजावलं नव्हतं. चूक झाल्यावर मी तिच्याकडून समजून घेतलं. तीन दिवस लागले.

एका शिक्षणसंस्थेच्या निपाणी भागात बऱ्याच मराठी शाळा होत्या. त्यांची जुनी प्रवेश-रजिस्टरं आमच्याकडं आली. नावं-गावं सोपी, जन्मतारीख अवघड. आमच्या भागात माझ्या वयाच्या माणसाची जन्मतारीख विचारा, एक जून सांगेल. माझीसुद्धा एक जूनच. आईबापाला तारीख ठाऊक नसायची, शाळा जूनमध्ये भरायची, मास्तर वय बघून वर्ष ठरवायचे आणि एक जून टाकायचे. त्यात कुणाला काही वाटत नव्हतं. कागदावर एक तारीख, घरात दुसरी.

त्या संस्थेत मात्र एक हेडमास्तर होऊन गेले, त्यांना एक जून लिहिणं पटत नव्हतं. पोराच्या आईला समोर बसवून विचारायचे आणि ती सांगेल तसंच रजिस्टरात उतरवायचे. 'बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, शके अमुक, आईच्या सांगण्यावरून.' 'मळणी चालू असताना.' माझ्या सबंध कामात एवढं सरळ रजिस्टर मी पाहिलं नाही. या नोंदी मावाव्यात म्हणून विद्यानं आमचा स्वतःचा तारखेचा प्रकार बनवला. त्यात शके चालायचं, सण चालायचा, 'माहीत नाही' हेही चालायचं. तिनं त्याला नाव दिलं डेट. तयार प्रकारांतही एक डेट आहे. तो पक्का: वर्ष, महिना, दिवस, तिन्ही इंग्रजी आणि तिन्ही पुरे. नसेल तर नाकारतो. आमच्या पानाच्या डोक्यावर लिहिलं होतं की बिनअक्षरी नाव ते आमच्या घराण्यातलं. म्हणजे नुसतं डेट म्हणजे आमची डेट. काम नीट चाललं होतं.

मग संस्थेनं नवीन प्रोग्राम घेतला आणि त्यांच्या इंजिनिअरनं आमचं नियमांचं पान त्या प्रोग्रामच्या वळणानं करून दिलं. मुलगा हुशार होता, वाईट नव्हता. त्यानं डोक्यावरची ओळ बदलली. आता बिनअक्षरी म्हणजे तयार प्रकार आणि आमच्या प्रकारांना दोन अक्षरं लावायची. बदलल्याबरोबर मशीन ओरडलं: 'गाव' सापडत नाही, 'पालक' सापडत नाही. तयार प्रकारांत गाव आणि पालक कुठून असणार? त्यानं तिथं तिथं आमची अक्षरं लावली. 'डेट'बद्दल मशीन ओरडलं नाही, कारण डेट त्या घराण्यातही होती. ओरडणं थांबलं, त्यानं काम झालं म्हणून पाठवून दिलं.

उरलेली रजिस्टरं संस्था बाहेर देईना, म्हणून आमच्या दोन मुली निपाणीला जाऊन टाइप करू लागल्या. एक वाचायची, एक टाइप करायची. पहिल्याच दिवशी मशीननं हेडमास्तरांच्या सगळ्या नोंदी नाकारल्या. मुलींना वाटलं नियम बदलला असेल. विचारायला फोन केला नाही. शके वर्षात अठ्ठ्याहत्तर मिळवून इंग्रजी वर्ष काढलं, आणि दिवस-महिना? एक जून. मशीननं मुकाट्यानं घेतलं. नाकारलेल्यांच्या यादीवर त्यांनी 'दुरुस्त केलं' असं लिहिलं आणि यादी आणि नवीन मजकूर दोन्ही मला पाठवलं.

आता माझं. माझ्यासमोर पानामागून पान आलं आणि प्रत्येक पानावर एक जून, एक जून, एक जून. दुसऱ्या कुठल्या गावची तपासणारी असती तर तिनं पेन्सिल खाली ठेवली असती. इतकी माणसं एका दिवशी कशी जन्मली, असं विचारलं असतं. मी इथली. मला ते बरोबरच दिसलं. नाकारलेल्यांच्या याद्या मी उघडल्यासुद्धा नाहीत. 'दुरुस्त केलं' लिहिलंय म्हणून गठ्ठ्यात बांधून ठेवल्या आणि मजकुरावर सही केली.

याला दहा-अकरा वर्षं होऊन गेली. मग एका मार्चमध्ये शेवंता आली.

शेवंता त्याच संस्थेच्या निपाणीच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. नवरा लवकर गेलेला, मूल नाही, वसतिगृहाच्या आवारातल्या एका खोलीत राहायची. कितीतरी वर्षं रोजावर राबल्यावर तिला कायम केलं होतं. संस्थेचा नियम असा की कायम होऊन दहा वर्षं भरली तर निवृत्तीनंतरही खोली मरेपर्यंत राहते. नाही भरली तर महिन्याभरात सोडायची. तिची दहा वर्षं ऑगस्टात भरत होती. साठ वर्षं पूर्ण म्हणून तिला मेअखेर कामावरून कमी केल्याचं पत्र आलं होतं. अडीच महिने कमी पडत होते. तिनं शाळेच्या दाखल्याचा कागद माझ्यासमोर धरला. खाली आमच्या दुकानाचं नाव होतं, म्हणून ती आली होती. वर जन्मतारीख होती, एक जून.

ती म्हणाली, "आक्का, मी जूनमधली न्हाय. आई मरूस्तर म्हणायची, तुझ्यापायी माझी शिवरात्र बुडाली. आदल्या दिशी झाले मी. सुवेर लागलं, देवळाची पायरी चढता आली न्हाय तिला."

मी विचारलं, कायम केलं तेव्हा कागदावर एक जून बघून गप्प का बसलीस? ती म्हणाली, "कागदावर सगळ्यांचंच एक जून असतंय. मला वाटलं तसंच लिवायचं असतंय."

मलाही तसंच वाटलं होतं.

लहानपणी ती शिकली ती संस्थेची शाळा बंद पडली होती. मूळ रजिस्टर पंचायतीच्या एका खोलीत नेऊन ठेवलेलं, त्याला वाळवी लागली. पुठ्ठे तेवढे राहिले होते. उरला माझा गठ्ठा. छापखान्यात आमची रीत होती, गिऱ्हाइकाची पसंतीची सही येईपर्यंत प्रुफं टाकायची नाहीत. सही आली की रद्दीत. दुसऱ्या शाळांच्या सह्या आल्या होत्या, त्यांचे गठ्ठे गेले. शेवंताच्या शाळेची सही संस्थेनं कधी पाठवलीच नव्हती, म्हणून तेवढा गठ्ठा माळ्यावर होता. दोन दिवस मी तो चाळला. नाकारलेल्यांच्या यादीत तिचं नाव सापडलं. मशीन नाकारताना काय नाकारलं तेही छापतं. तिथं होतं: 'शिवरात्रीच्या आदल्या दिवशी', पुढं शके वर्ष, 'आईच्या सांगण्यावरून'. आणि शेजारी इंग्रजीत, हे डेट या प्रकारात बसत नाही. कुठली डेट, तर तिचं लांबलचक नाव दिलेलं. विद्यानं ते वाचून दाखवलं. ते नाव आमचं नव्हतं.

शिवरात्र माघात. शके वर्ष पाडव्याला बदलतं, म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या जन्माला अठ्ठ्याहत्तर नाही, एकोणऐंशी मिळवावे लागतात. म्हणजे शेवंता जूनपेक्षा सुमारे नऊ महिन्यांनी लहान. तिची नोकरी फेब्रुवारीअखेरपर्यंत होती. खोली तिची होती.

संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, दुकानातल्या रद्दीवर संस्था तारीख बदलू शकत नाही. काम चुकलं असं दुकानानं लेखी द्यावं, ज्यानं तपासलं त्याच्या सहीनं. आणि तसं दिलंत तर पुढचं काम तुमच्याकडं ठेवता येणार नाही, हेही त्यांनी गोड आवाजात सांगितलं. बाहेर आल्यावर विद्या म्हणाली, "आक्का, तिची एक खोली आणि माझ्याकडच्या सहा जणी. मी काय करू सांग."

मी म्हटलं, "तू काही करू नकोस. सही माझी हाय, मी लिहून देते."

"नाव दुकानाचंच जाणार गं."

"जाऊ दे की."

हे मला बोलायला सोपं होतं. माझं वय झालं होतं, दुकान माझं नव्हतं. ते मला तेव्हाही कळत होतं.

मी मराठीत दीड पान लिहिलं आणि स्वतः निपाणीला नेऊन दिलं. सेक्रेटरींनी वाचलं आणि विचारलं, तुमचं शिक्षण किती? चौथी म्हटल्यावर म्हणाले, मग यातलं तुम्हाला काय कळतं, हे कुणी लिहून दिलं? मला राग आला, पण मी त्यांच्याच कचेरीतलं उदाहरण दिलं. म्हटलं, "साहेब, तुमच्या हायस्कुलात एक पाटील सर आहेत आणि कॉलेजातही एक आहेत. शिपायाला नुसतं सांगा, पाटील सरांना बोलव. हायस्कुलात बसला असेल तर तो तिथले आणील. तोच शिपाई तुम्ही उद्या कॉलेजात बसवला आणि तेच सांगितलं तर कॉलेजातले आणील. आणि आपण चुकलो असं त्याला वाटायचं नाही, कारण पाटील सर आलेत. तुमच्या इंजिनिअरनं शिपायाची जागा बदलली. आम्ही आमच्या माणसाला वेगळं नाव ठेवलं नव्हतं. मुलींनी विचारलं नाही. आणि मी बघितलं नाही."

ते हसले नाहीत. कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि आवक क्रमांक घातला.

एप्रिलच्या शेवटी शेवंताचं पत्र रद्द झालं. फेब्रुवारीपर्यंत ती कामावर राहिली आणि आता त्याच खोलीत राहते. मी एकदा गेले होते. तिनं यादीतल्या त्या ओळीची झेरॉक्स मागितली होती, ती दिली. तिला वाचता येतं, पण मला वाचायला लावली. मी वाचली. 'आईच्या सांगण्यावरून' इथं ती म्हणाली, पुन्हा वाच. मग भाकरी टाकायला उठली.

संस्थेचं काम गेलं. विद्यानं तीन मुली ठेवल्या, तीन सोडल्या. त्यातली एक पिरनवाडीची, घरात तिच्या एकटीचाच पगार होता. रस्त्यात भेटली तर तोंड फिरवते. मी तिला हाक मारत नाही. मीही त्यानंतर दुकानात गेले नाही. विद्या बोलवायला आली होती. मी म्हटलं, जिनं याद्या उघडल्या नाहीत तिला तपासणारी म्हणून ठेवू नकोस.

हेडमास्तरांनी एकाच शाळेत आयुष्य काढलं नव्हतं. त्यांची निदान चार रजिस्टरं त्या वेळी टाइप झाली. मी संस्थेला दुसरं पत्र लिहिलं की त्या चारही शाळांमधली एक जून ही तारीख खरी धरू नका. उत्तर आलं: ज्यांची हरकत नाही त्यांची नोंद कायम राहील. शेवंताची बातमी पसरल्यावर काही माणसं माझ्या घरी आली. गठ्ठ्यात त्या एका शाळेचीच यादी होती. तिथली दोन नावं सापडली, त्यांना कागद दिले. बाकीच्यांना नाही म्हणून सांगितलं.

गेल्या गणपतीनंतर एक गृहस्थ आले. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. त्यांची शाळा दुसरी, तिचा गठ्ठा केव्हाच रद्दीत गेलेला. मी दारातच सांगितलं, अण्णा, तुमचा कागद नाही, आणि असता तरी आता नोकरी परत मिळायची नाही.

ते म्हणाले, "नोकरीसाठनं न्हाय आलो. ती झाली की. मी दोन वर्षांचा हुतो तवाच आजीकडं टाकून आई मुंबैला गेली, फकस्त शाळंत घालायला म्हणून एकदा आलती म्हणं. मास्तरांनी तिला विचारून लिवलं असंल न्हवं?"

मी म्हटलं, लिहिलं असणार. ते सगळ्यांना विचारायचे.

"मग तिनं काय सांगितलं हुतं, तेवढंच पायजे हुतं."

मी त्यांना सांगितलं, मला ठाऊक नाही. ते ओट्यावर बसले, चहा घेतला, निपाणीची शेवटची गाडी किती वाजता म्हणून विचारलं आणि गेले. त्यांच्या आईचं बोलणं कुणीतरी एकदा नीट लिहून ठेवलं होतं. माझ्यासमोर ते आलं तेव्हा तिथं एक जून होतं, आणि मी बरोबर म्हणून सही केली होती.